वावर भूसंपादनात जातंय? या चुका टाळा

मोर्शी-वरुड भागात रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी संत्र्याचा बगिचा गेला, की मोबदल्याचा वाद ठरलेलाच. पण मी वकिलीत पाहतो, की बहुतेक कास्तकार कोर्टाची पायरी चढण्याआधीच मुदतीत आणि कागदात हरलेले असतात.

नोटीस आली की आधी ती कोणत्या कायद्याखालची आहे ते वाचा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 11 च्या अधिसूचनेवर, म्हणजे जमीन घ्यायची असल्याच्या पहिल्या जाहीर सूचनेवर, हरकतीला 60 दिवस मिळतात. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात फक्त 21. हे दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, कागद घरी आल्यापासून नाही.

साहेबांना भेटून सांगितलं म्हणजे हरकत झाली, असं समजू नका. गट क्रमांक टाकून लेखी द्या, सुनावणी मागा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. सुनावणी न देताच हरकत फेटाळली, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे वेळेत जा. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, होऊन ताबा गेला की ते फार अवघड होतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते संयुक्त मोजणीत, म्हणजे सरकारी माणसं वावरात येऊन जमीन, झाडं, विहिरी मोजून नोंदवतात तेव्हा. त्या दिवशी घरातलं जाणतं माणूस वावरात हवंच. फळावर आलेली झाडं आणि लहान कलमं वेगवेगळी लिहून घ्या. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा नोंदलाय का ते वाचूनच सही करा. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं कपाशी आणि वावरात मात्र संत्रा उभी, हे तर मी नेहमी पाहतो. मग बगिचा सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते, आणि मेहनतीच्या झाडांसाठी कास्तकाराला असं झगडावं लागणं मला अजूनही सहन होत नाही. ई-पीक पाहणीत फळबाग आधीच लावून घ्या, अधिसूचनेनंतरच्या नोंदीवर शंका घेतली जाते. कलमांच्या पावत्या, अनुदानाचे कागद, जुने फोटो जपा. काही सुटलं असेल तर लगेच फेरमोजणीचा अर्ज द्या.

वडिलांच्या नावावरचं वावर असेल तर वारस फेरफार उरकून घ्या, नाहीतर पैसे अडकतात.

रक्कम उचलताना ‘आक्षेप राखून स्वीकारतो’ असं लेखी दिलंच पाहिजे. ते नसेल तर 2013 च्या कायद्यात वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 चा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल, तर त्या अर्जाला 6 आठवडेच असतात. महामार्गाच्या प्रकरणात मात्र हा अर्ज चालत नाही. तिथे रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे, म्हणजे असा वाद सोडवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जावं लागतं.