उंदराच्या कोलन ट्यूमरचा पेपर सेमिनारला घेतलाय? मग असा वाचा

सेमिनारचा सीझन आला की सोलापूर युनिव्हर्सिटीतल्या एमएस्सीच्या पोरांचे मेसेज सुरू, दादा उंदराच्या कोलन (मोठं आतडं) ट्यूमरमधले सुरुवातीचे जेनेटिक-एपिजेनेटिक बदल असा पेपर घेतलाय, कुठनं धरू? तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट राहू द्या, आधी मेथड्स उघडा.

उंदीर कोणता ते बघा. बहुतेक वेळा एपीसी मिन नावाचा असतो, १९९० मध्ये विस्कॉन्सिनच्या लॅबमधनं पुढं आलेला. पेशींची वाढ आवरणाऱ्या त्याच्या एपीसी जीनच्या एका कॉपीत ८५० व्या कोडॉनला स्टॉप लागलाय, म्हणजे प्रोटीन अर्धवटच बनतं, आणि आतड्याच्या एखाद्या पेशीतली दुसरी चांगली कॉपीपण गेली की पेशीला वाढ म्हणणारं बीटा-कॅटेनिन प्रोटीन मोडायचं थांबतं, साठत जातं, पेशी वाढत सुटते आणि अ‍ॅडेनोमा, म्हणजे कॅन्सरआधीची गाठ, होतो. पण या उंदराला गाठी मुख्यतः लहान आतड्यात येतात, कोलनमध्ये थोड्याच, आणि एक्झॅमिनर नेमकं हेच विचारतात! दुसरं मॉडेल एओएम-डीएसएस, म्हणजे अझॉक्सीमिथेन हे कॅन्सर आणणारं रसायन टोचायचं नि मग पिण्याच्या पाण्यातनं डीएसएस हे आतड्याला इजा करणारं रसायन देऊन सूज आणायची. गाठी कोलनमध्येच येतात, पण म्युटेशन बहुधा एपीसीत नाही तर थेट बीटा-कॅटेनिनच्या जीनमध्ये. दोन्हीचे रिझल्ट एका स्लाइडवर कालवू नका.

एपिजेनेटिक म्हणजे काय हे क्लासला सांगताना आपली सोलापुरी चादर आहेच की, धागे तेच, कुठला उचलायचा ते मागावरचं जॅकार्डचं कार्ड ठरवतं. तसंच डीएनएची अक्षरं तीच, कुठला जीन चालू नि कुठला बंद ते त्यावरच्या खुणा ठरवतात, आणि सी या अक्षरावर मिथाइलची खूण लागणं म्हणजे मिथिलेशन. मिथिलेशन ओळखायच्या बायसल्फाइट पद्धतीला एक स्लाइड बास, मिथाइल नसलेला सी हा टी म्हणून वाचला जातो, मिथाइलवाला सी तसाच राहतो.

मग तुलना कशाशी केलीय ते शोधा, इथंच सगळी मेख आहे. गाठीत एपिथेलियल म्हणजे अस्तराच्या पेशींची गर्दी, आणि नॉर्मल म्हणून आतड्याचा अख्खा तुकडा घेतला असेल तर त्यात स्नायू, इम्यून पेशी सगळंच, मग मिथिलेशनमधला फरक कॅन्सरचा का पेशींच्या मिश्रणाचा? कंट्रोल म्हणजे तुलनेचा उंदीर त्याच वयाचा हवा, कारण वयानंपण मिथिलेशन बदलतं. आणि प्रमोटरवर, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या स्विचवर, मिथिलेशन दिसलं म्हणून जीन बंद पडला असं लगेच बोलू नका, तो नॉर्मल आतड्यातपण आधीपासनं गप्पच असू शकतो, जीन चालू आहे का ते आरएनएच्या डेटात बघा.

आता कारण का परिणाम? १९९५ मध्ये मिन उंदरांत मिथाइल लावणारं डीएनएमटी१ एन्झाइम कमी केलं, वर मिथिलेशन घटवणारं औषध दिलं, गाठी खूप कमी झाल्या. मिथिलेशन वाईट असं वाटतं ना? पण २००५ मध्ये दिसलं की मिथिलेशन घटवल्यावर मोठ्या गाठी कमी होतात खऱ्या, पण कोलनमधले अगदी सुरुवातीचे बारीक अ‍ॅडेनोमा उलट वाढतात आणि त्यांच्यात एपीसीची चांगली कॉपी गेलेली असते. म्हणजे बदल एकच, पण सुरुवातीला वेगळं काम करतो नि नंतर वेगळं. म्हणून प्रत्येक फिगरच्या कोपऱ्यात उंदराचं वय आणि गाठ कुठल्या स्टेजची हे लिहाच, पेपरात नसेल तर सप्लिमेंटरी फाइल उघडा, तिथं सापडतं बऱ्याचदा.