मिलिगॅल, मिलि-जी आणि हरवलेली शून्यं: त्वरणाची एककं बदलताना या चुका टाळा

पणजीत गुरुत्वत्वरण किती? अकरावीचा मुलगा ९.८ म्हणेल, परीक्षेपुरतं ते ठीकच. भूभौतिकीत तेवढ्याने भागत नाही. १९८० च्या आंतरराष्ट्रीय सूत्रात पणजीचा साडेपंधरा अंश अक्षांश घातला की समुद्रसपाटीला ९.७८४० मी/से² येतं. भूभौतिकीच्या गॅल या एककात ते ९७८.४० गॅल, किंवा सुमारे ९,७८,४०० मिलिगॅल. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गोव्यातल्या गुरुत्वाचं उत्तर यांच्या आसपासही फिरकत नसेल, तर उपकरणाला दोष देण्याआधी रूपांतर तपासा.

सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उत्तर ९,७८४ मिलिगॅल. 'मिलि' दिसलं की हात आपोआप हजाराने गुणतो. पण गॅल हा सेंटिमीटरवाला आहे: १ गॅल म्हणजे १ सेमी/से². मी/से² वरून गॅलला येताना शंभराने आणि पुढे मिलिगॅलसाठी हजाराने गुणायचं, एकूण एक लाखाने. उत्तर नेमकं दहापट चुकत असेल तर संशय 'ग्रॅव्हिटी युनिट'वर घ्या. तेलशोधाच्या जुन्या अहवालांत ते भेटतं, आणि १ मिलिगॅल म्हणजे १० ग्रॅव्हिटी युनिट.

माझ्या मते खरी घातक चूक वेगळीच आहे. त्वरण मोजणाऱ्या सेन्सरच्या माहितीपत्रकात 'एमजी' लिहिलेलं असतं, ते मिलि-जी, म्हणजे जी-चा (प्रमाण गुरुत्वत्वरणाचा) हजारावा भाग. मिलिग्रॅम नाही, हे सगळ्यांना कळतं. मिलिगॅलही नाही, हे मात्र निसटतं. १ मिलि-जी म्हणजे जवळजवळ ९८१ मिलिगॅल. दोन्हींत 'मिलि' आहे, आकडेही दिसायला सोज्वळ, त्यामुळे हजारपटीचा घोटाळा अहवाल छापून होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. फोनवर प्रयोग करणाऱ्यांनाही हाच धडा: आयफोनची प्रणाली त्वरण जी-मध्ये देते, अँड्रॉइड मी/से² मध्ये, आणि अ‍ॅप मध्ये पडून काय बदलतं ते त्याचं त्यालाच माहीत. फोन टेबलावर पडदा वर करून आडवा ठेवा आणि आकडा बघा, अधिक-उणे चिन्ह सोडून द्या. १ च्या जवळ असेल तर जी, ९.८ च्या जवळ असेल तर मी/से². शून्य दिसलं तर अ‍ॅपने गुरुत्व आधीच वजा केलंय.

विद्यार्थी हमखास विचारतात, पणजीला ९.७८४ आहे तर जी-चं रूपांतर करतानाही तेच घ्यायचं ना? नाही. एकक म्हणून जी ही ठरवून दिलेली संख्या आहे, ९.८०६६५ मी/से², १९०१ पासून; पणजीत तीच आणि लडाखातही तीच. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे, क्षेत्राचा गुणांक ०.१६. तो जी-च्या पटीत आहे, म्हणून १.५६९ मी/से², म्हणजे १५६.९ गॅल. उलट बाजूने, ९.८०६६५ हेच पणजीचं गुरुत्व धरलंत तर सुमारे २,२६५ मिलिगॅल जास्त येतात. खनिजाच्या शोधात दोन-चार मिलिगॅलसाठी आपण जीव टाकतो, तिथे ही चूक सगळंच गिळते.

स्प्रेडशीटमध्ये मी/से² ठेवणार असाल तर दशांशाकडे लक्ष द्या. चार स्थळं म्हणजे १० मिलिगॅलची पायरी, ०.०१ मिलिगॅलपर्यंत जायचं तर सात स्थळं लागतात. एक्सेल सीएसव्ही करताना पडद्यावर दिसतं तेवढंच लिहितं, बाकीचे अंक गेले. सरळ मिलिगॅलमध्येच ठेवा.

चोर्ला घाटातून बेळगावकडे सर्वेक्षण नेताना उंचीचं बघा. इंग्रजांच्या जुन्या नकाशांवर ती फुटांत असते, आणि मुक्त-हवा दुरुस्तीचा (उंचीबरोबर गुरुत्व घटतं, त्याची भरपाई) ०.३०८६ मिलिगॅल हा गुणक दर मीटरसाठी आहे. १,००० फुटांना दुरुस्ती ९४.०६ मिलिगॅल, फूट तसेच घातलेत तर ३०८.६.

दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जहाजावरच्या नोंदींशी काम पडलं तर इओट्वोश दुरुस्ती, म्हणजे जहाजाच्या वेगामुळे मोजलेल्या गुरुत्वात पडणाऱ्या फरकाची भरपाई, येतेच. तिच्यात वेगाला लावायचा ७.५०३ हा गुणक नॉटसाठी (ताशी सागरी मैल), ४.०४० हा किमी/तास साठी. आपल्या अक्षांशाला १० नॉटने पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाला सुमारे ७२.७ मिलिगॅल मिळवावे लागतात. चुकून किमी/तासचं सूत्र लावलं तर ३९ च. आणि इओट्वोश नावाचं एकक दिसलं तर ते या दुरुस्तीचं नव्हे. ते त्वरणाचंही नाही, अंतरागणिक त्वरण किती बदलतं त्याचं आहे: ०.३०८६ मिलिगॅल प्रति मीटर म्हणजे ३,०८६ इओट्वोश. अंतराने गुणल्याशिवाय त्याचे मिलिगॅल होत नाहीत, कुठलाही ऑनलाइन कन्व्हर्टर काहीही म्हणो.