नेदराइटसाठी दोन रात्री फुकट, तिसरी कामी आली

माइनक्राफ्ट या गेममध्ये दोन रात्री नेदर (तिथलं लाव्हाने भरलेलं पाताळ) खणून मला एन्शंट डेब्रीचे, म्हणजे ज्यातून नेदराइट हा धातू बनतो त्या खनिजाचे, जेमतेम दोन ठोकळे मिळाले. चूक माझीच. हिऱ्यांच्या जुन्या सवयीने वाय ११ या उंचीवर एकेक ठोकळा फोडत बसलो होतो.

मग एफ३ दाबून उंची बघत वाय १५ वर आलो आणि कुदळीऐवजी पलंग काढले. (त्यासाठी आधी मेंढ्यांचा अख्खा कळप कातरला.) नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की तो फुटतो. आजूबाजूचा नेदररॅक (नेदरमधला साधा दगड) उडतो, डेब्री मात्र स्फोटाला दाद देत नाही. बोगद्याच्या टोकाला पलंग, त्याच्या नि माझ्या मध्ये एक दगड, आणि दगडावरच्या फटीतून क्लिक. पहिल्यांदा तो दगड लावायचा विसरलो आणि स्फोटात मरून थेट ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या मुख्य जगात, डोळे उघडले!

तासाभरात आणखी सहा ठोकळे. भट्टीतून आठ स्क्रॅप (धातूचे तुकडे) निघाले; चार स्क्रॅप आणि चार सोन्याच्या इन्गट (विटा) मिळून नेदराइटची एक, म्हणजे दोन झाल्या.

पण स्मिदिंग टेबल (जिथे हिऱ्याची हत्यारं नेदराइटची करतात) त्या घेईना. गेमच्या १.२० आवृत्तीपासून अपग्रेड टेम्प्लेट, म्हणजे एक साचाही लागतो, हे माझ्या गावीच नव्हतं. ते बॅस्टियनच्या (नेदरमधल्या पिगलिन या डुकरासारख्या प्राण्यांच्या किल्ल्याच्या) पेटीत सापडलं. वापरण्याआधी त्याची प्रत काढा: ७ हिरे, १ नेदररॅक आणि मूळ टेम्प्लेट. नाहीतर पुन्हा पिगलिनांच्या दारात जावं लागतं.

पहिली कुदळच नेदराइटची केली. काल ती लाव्हात पडली, तर जळली नाही, वर तरंगत राहिली.