पौलाचं पत्र कसं वाचावं? फिलेमोनपासून सुरुवात करा

बायबलच्या नव्या करारातली, पौल या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाची पत्रं वाचायची म्हणून बरेच जण उत्साहाने रोमकरांस पत्र उघडतात आणि दोन-तीन अध्यायांतच दमतात. माझा आग्रह असा की सुरुवात फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रापासून करावी. अनेसिम नावाच्या दासाला त्याचा मालक फिलेमोन याने स्वीकारावं, अशी विनंती पौल त्यात तुरुंगातून करतो. अवघी २५ वचनं, मूळ ग्रीकमध्ये ३३५ शब्द. एका अंतर्देशीय पत्रावर मावेल एवढा मजकूर. शिवाय ज्या सात पत्रांबद्दल ती पौलाचीच आहेत यावर अभ्यासकांचं जवळजवळ एकमत आहे, त्यांतलं हे एक. त्यामुळे लेखक कोण, या वादात अडकायला होत नाही. चौथ्या शतकात काहींना यात उपदेशच नाही असं वाटत होतं आणि जेरोम या धर्मपंडिताला पत्राची बाजू मांडावी लागली होती. पण पौलाचं धर्मशास्त्र रोजच्या व्यवहारात कसं उतरतं, हे इतकं जवळून दाखवणारं दुसरं पत्र मला माहीत नाही.

आधी एका बैठकीत, मोठ्याने वाचा. पाच मिनिटंही लागत नाहीत. मूळ पत्रही कुणीतरी असंच घरात जमलेल्या माणसांसमोर वाचलं असणार. जमल्यास दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. ते मिळालं तर एक भाषांतर ते घ्या, दुसरं आजचं. दोन्हींत जिथे शब्द वेगळे पडतात, तिथे पेन्सिलने खूण करा. मूळ ग्रीक शब्द अवघड असण्याची शक्यता बहुधा तिथेच असते.

मग मायना तपासा. ‘तीर्थरूप’, ‘शि. सा. न. वि. वि.’ हे वाचताच लिहिणारा कोण आणि ज्याला लिहिलं तो कोण, हे आपल्याला कळायचं. पौलाच्या काळातल्या ग्रीक पत्रांचाही असाच ठरलेला साचा होता: अमक्याकडून तमक्याला, नमस्कार, मग आभार किंवा प्रार्थना, मग कामाचं, शेवटी सलाम-दुवा. पौल हा साचा घेतो आणि नेमका कुठे वाकवतो ते पाहायचं. नेहमीच्या ‘खैरेइन’ म्हणजे नमस्काराच्या जागी तो ‘खारिस’ म्हणजे कृपा घालतो आणि तिला शांतीची जोड देतो. रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस लिहिताना तो स्वतःला प्रेषित म्हणवतो. इथे मात्र ‘ख्रिस्त येशूचा बंदिवान’. ज्याच्याकडे मागायचं आहे त्याच्यासमोर तो हुद्दा बाजूला ठेवून बेड्या पुढे करतो.

मायन्यातच आणखी एक गोष्ट आहे. पत्र फिलेमोनाच्या नावाने ओळखलं जातं, पण मायन्यात अफ्फिया आहे, अर्खिप्प आहे आणि ‘तुझ्या घरातली मंडळी’, म्हणजे त्याच्या घरी जमणारा ख्रिस्ती समुदायही आहे. आता प्रत्येक ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळ्या रंगाने रंगवा. सुरुवातीच्या अभिवादनात अनेकवचन, चौथ्या वचनापासून एकदम ‘तू’, आणि थेट २२व्या वचनाच्या उत्तरार्धात पुन्हा ‘तुम्ही’. ग्रीकमधला हा फरक आजच्या इंग्रजीत पुसला जातो, मराठीत तो दाखवता येतो. म्हणजे पौल बोलतोय एकट्या फिलेमोनाशी, पण सगळ्या मंडळींच्या देखत. विनंती खाजगी असती, तर नाकारायला सोपी गेली असती.

पुढची पायरी सावकाश करा: परत परत येणारे शब्द शोधा. ‘स्प्लांखना’ हा ग्रीक शब्द सातव्या, बाराव्या आणि विसाव्या वचनात येतो. त्याचा शब्दशः अर्थ आतडी. आतडं तुटणं, आतड्याची माया हे आपल्या बोलण्यातच असल्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सातव्या वचनात फिलेमोनाने पवित्र जनांच्या, म्हणजे ख्रिस्ती भाविकांच्या, आतड्यांना विसावा दिला म्हणून त्याचं कौतुक. बाराव्यात अनेसिमाबद्दल पौल म्हणतो की मी माझं आतडंच तुझ्याकडे धाडतोय. आणि विसाव्यात: आता माझ्या आतड्याला विसावा दे. तिन्ही वचनं एका ओळीत मांडली की युक्तिवाद उघडा पडतो. इतरांना जे दिलंस ते मला दे, आणि ‘मी’ म्हणजे हा समोर उभा असलेला दास.

अनेसिम या नावाचा अर्थही उपयोगी, लाभदायक. अकराव्या वचनात पौल त्यावर खेळतो: पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे.

यानंतर एक कोरा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे पत्रात खरंच लिहिलेलं, उजवीकडे आपण ऐकून गृहीत धरलेलं. प्रवचनांत नेहमी ऐकू येणारी गोष्ट अशी: अनेसिम चोरी करून पळाला, रोमला गेला, पौलाला भेटला, पश्चात्ताप केला, परतला. आता डावीकडे काय उरतं ते पाहा. ‘पळाला’ हा शब्द पत्रात कुठेच नाही. पंधराव्या वचनात ‘थोडा वेळ वेगळा झाला’ एवढंच आहे. चोरी नाही. ‘त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर’ असं जर-तरचं वाक्य आहे. पश्चात्तापाचा उल्लेख नाही आणि रोमचंही नाव नाही.

म्हणूनच अभ्यासकांत मतं वेगळी आहेत. पळालेल्या दासाची गोष्ट रुजवण्यात चौथ्या शतकातल्या क्रिसोस्टोम या धर्मगुरूच्या प्रवचनांचा मोठा वाटा. १९८५ मध्ये पीटर लाम्पे यांनी रोमन कायद्यातला एक दाखला पुढे आणला: मालकाशी बिनसल्यावर त्याच्या मित्राकडे मध्यस्थीसाठी गेलेला दास फरारी धरला जात नसे. अनेसिम असाच पौलाकडे गेला असेल, असं त्यांचं म्हणणं. मला हे जास्त पटतं, कारण पौल कुठेही त्याच्या वतीने पळाल्याबद्दल क्षमा मागत नाही. तुरुंग कुठला, यावरही वाद आहे. रोम धरलं तर पत्र इ.स. ६० च्या पुढचं, इफिस (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन शहर) धरलं तर ५५ च्या आसपासचं. फिलेमोन त्याच भागातल्या कलस्सै शहराचा, असं कलस्सैकरांस पत्रातल्या नावांवरून मानतात. इफिसहून कलस्सै सुमारे २०० किलोमीटर, आणि पौल तर म्हणतो, माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव. मला इफिस जवळचं वाटतं. पण हे सगळं कागदाच्या उजव्या बाजूलाच लिहायचं.

मग त्या काळातलं दुसरं पत्र शेजारी ठेवा. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने साबिनियानस या मित्राला त्याच्या मुक्त केलेल्या दासासाठी रदबदली करणारं पत्र लिहिलं आहे. तो माणूस माझ्या पायांवर पडला, रडला, त्याला खरंच पश्चात्ताप झालाय, त्याचं तारुण्य बघ, राग सोड, असा सूर. थोर मनाने क्षमा कर, एवढीच मागणी. नातं जसंच्या तसं राहतं. पौल अश्रूंचं नावही काढत नाही. तो म्हणतो, याला माझ्यासारखा स्वीकार.

आता धर्मशास्त्राकडे वळा. ते शोधायचं ते विनंतीच्या शब्दांतच. सतराव्या वचनात ‘तू मला भागीदार समजतोस तर’ असं आहे. ‘कोइनोनोस’ हा धंद्यातल्या भागीदारालाही लावला जाणारा शब्द. अठराव्यात ‘ते माझ्या नावे टाक’: सरळ वहीखात्याची भाषा. एकोणिसाव्यात पौल कर्जरोख्यासारखं स्वतःच्या हाताने लिहितो: मी फेडीन. आणि लगेच, तू स्वतःच माझा ऋणी आहेस हे मी बोलतच नाही, असं म्हणत बोलून मोकळा होतो. दुसऱ्याचं देणं आपल्या नावावर घेणं, ही ख्रिस्ताबद्दल तो इतरत्र जे सांगतो त्याचीच छोटी आवृत्ती आहे, असं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ओळखलं होतं. सोळाव्या वचनात मागणी कळसाला पोचते: यापुढे दास म्हणून नको, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून, ‘देहाच्या दृष्टीने आणि प्रभूमध्येही’. ‘देहाच्या दृष्टीने’ हे शब्द निसटू देऊ नका. केवळ प्रार्थनेपुरता भाऊ आणि घरात दास, ही पळवाट ते बंद करतात. तरीही ‘त्याला मुक्त कर’ असं पौल स्पष्ट म्हणत नाही. ‘मी सांगतो त्याहून अधिक करशील’ इथे थांबतो. मला ही त्या पत्रातली दुखरी जागा वाटते, आणि ती तशीच ठेवून वाचावी.

कारण पुढे नेमकी तीच जागा वापरली गेली. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी पळालेल्या गुलामांना परत पाठवण्यासाठी या पत्राचा दाखला दिला. एकोणिसाव्या शतकात जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स या धर्मोपदेशकाने गुलामांसमोर याच पत्रावर प्रवचन करून पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून निघून गेले. असं पत्र बायबलमध्ये नाहीच, असं काही जण म्हणाले. हे त्यानेच नोंदवून ठेवलंय. एकदा पत्र त्या उठून गेलेल्यांच्या जागेवरून वाचा. अनेसिम परतताना बहुधा हेच पत्र सोबत घेऊन आला असेल, आणि त्यात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही.

एवढं झालं की गलतीकरांस पत्र घ्या. पहिल्या पाच वचनांत मायना संपतो. त्यानंतर नेहमीचे आभार कुठे आहेत, ते शोधा.