हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर धुताना

साताऱ्यात थंडी सरली की स्वेटर धुवून ठेवायची घाई सुरू होते आणि तिथंच घोळ होतो. खरी लोकर गरम पाण्यात घालून चोळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखे (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखे) घट्ट बसतात, मग स्वेटर आटतो तो कायमचा, परत मोठा होत नाही. म्हणून धुवायच्या आधी छाती, लांबी, बाही टेपने मोजून लिहून ठेवा, हे नक्की करा! कोमट पाण्यात, म्हणजे साधारण ३० डिग्री, थोडं रिठ्याचं पाणी नाहीतर लोकर धुवायचं लिक्विड घालून १५-२० मिनिटं नुसतं भिजवा, घासू नका, नळाची धार थेट सोडू नका, आणि खळबळायचं पाणी पण तेवढंच कोमट घ्या. उचलताना खालून दोन्ही हातांनी आधार द्या, पिळू तर अजिबात नका. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा, पाणी निघतं. मग सतरंजीवर कोरडा टॉवेल टाकून त्यावर पसरा, लिहिलेल्या मापाला हळूच ओढून बसवा, न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लोंबतोच. (ॲक्रेलिकचा असेल तर असं ताणून माप टिकत नाही, विणायच्या लोकरीच्या गुंड्यावरचं लेबल आधी बघा.)