पोटुशी असताना नोकरी बदलताय? आधी पॉलिसीची प्रत मागा

दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात मी नोकरी बदलली. पगार वाढला, ऑफिस घराजवळ आलं आणि सिझेरियनचे एक लाख बारा हजार खिशातून गेले. म्हणून हे लिहितेय.

पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, पीएफ वगैरे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे.

ऑफरला होकार देण्याआधी नव्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची, प्रत मागा. एचआरचं तोंडी उत्तर नको. मी फोनवर विचारलं होतं, "मॅटर्निटी आहे ना?" "हो मॅडम, पन्नास हजारांपर्यंत." खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त नऊ महिन्यांचा वेटिंग पिरियड होता, म्हणजे पहिले नऊ महिने बाळंतपणाचा खर्च मिळणार नव्हता. तो त्यांनी सांगितला नाही, मी विचारला नाही. बऱ्याच कंपन्या जास्त प्रीमियम भरून ही अट काढून घेतात, त्यामुळे जुन्या नोकरीत ती कधी आडवी आलीच नव्हती. तेव्हा "मॅटर्निटी आहे का" असं विचारूच नका. "नऊ महिन्यांची अट माफ आहे का, आणि कव्हर रुजू झाल्या दिवसापासून का?" असं विचारा. मेलवर. दिवस गेल्याचं इतक्यात सांगायचं नसेल तर सांगू नका, पॉलिसीची प्रत कोणीही मागू शकतं.

जुन्या कंपनीचं कव्हर बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं. महिनाअखेरीपर्यंत चालेल असं धरून बसू नका. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घ्यायची असेल तर नोटीस पिरियडमध्येच अर्ज करा, पण ती बाकीच्या आजारपणांसाठी. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाची वेगळी मुदत असते, तीही लांबलचक. पोटुशी असताना घेतलेली पॉलिसी या खेपेला कामाला येत नाही, एजंट काहीही म्हणो.

नवऱ्याच्या कंपनीत बायकोचं नाव घालता येतं, पण ते लग्नानंतर लगेच किंवा वर्षाच्या सुरुवातीला. मधेच सहसा घेत नाहीत. आम्ही "दोन दोन कशाला" म्हणून घातलं नव्हतं. असू द्या दोन. आणि तिथेही तोच प्रश्न विचारा: नऊ महिन्यांची अट माफ आहे का?

रजेचं प्रकरण वेगळं आहे, विम्यात मिसळू नका. पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा, पण अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत ज्याच्याकडून रजा घ्यायची त्याच मालकाकडे 80 दिवस भरलेले हवेत. पगारी सुट्ट्या धरल्या जातात. कॅलेंडर घेऊन मोजा, बोटांवर नको. माझे भरले, एवढंच काय ते चांगलं झालं.

पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (सरकारी कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर नव्या ठिकाणी जुनाच विमा नंबर द्या. नवा काढून दिला तर आधीचे भरलेले दिवस शोधत बसाल.

सातव्या महिन्यात नाव नोंदवायला जाल तेव्हाच हॉस्पिटलच्या टीपीए काउंटरवर (तिथे विम्याचे दावे बघतात) विम्याचं ई-कार्ड दाखवा. मी कार्ड दिलं, तिथल्या मुलीने टाइप केलं, थांबली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका ओळीवर तिचं बोट होतं. मागे रांगेतल्या बाईने "काय झालं?" विचारलं. मी काहीच बोलले नाही. निदान दोन महिने हातात होते, एफडी मोडता आली. कळा सुरू झाल्यावर कळलं असतं तर?

पैशांची सोय सिझेरियन धरूनच करा. डिस्चार्जला सगळी मूळ बिलं घ्या. बाळाचं नाव पॉलिसीत घालायला साधारण महिन्याभराची मुदत असते, ते बाबांच्या गळ्यात घाला. बॅग वगैरे आई भरेलच.

आणि एचआरचा तो मेल आला का? नसेल तर आज पुन्हा पाठवा.