पावसात गाडी काढण्याआधी

पावसाळी प्रवासाची तयारी म्हटली की बहुतेकांना आधी वायपर आठवतात. मी टायरपासून सुरुवात करायला सांगेन. समोरचं दिसेनासं झालं की माणूस आपोआप वेग कमी करतो. पकड सुटली आहे हे मात्र ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही. एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो आणि तिथलं पाणी बाजूला सारायचं काम त्यावरच्या खाचा करतात. म्हणून आदल्या दिवशी, चांगल्या उजेडात, चारही टायरवरून हात फिरवा. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, तर खाच १.६ मिलिमीटरच उरली. अनेक देशांत कायद्याने चालणारी किमान खोली तेवढीच आहे, पण ओल्या रस्त्यावर ती अपुरी पडते. माझं मत विचाराल तर ३ मिलिमीटरच्या खाली आलेले टायर पावसाआधीच बदलावेत. गोटा झालेल्या टायरवर ‘एवढा सीझन काढू’ म्हणणं जिवाशी खेळणं आहे. हवा टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा कमी असली तर पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही आणि टायर रस्ता सोडून लवकर पाण्यावर तरंगतात. स्टेपनीलाही हवा लागतेच.

वायपर फिरल्यावर काचेवर रेघा राहत असतील तर रबर बदला आणि फवाऱ्याची टाकी भरा. काच आतूनही पुसा, कारण आतल्या तेलकट थराने समोरचे दिवे पसरट दिसतात. काचेवर बाष्प धरलं तर एसी लावून बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतला ओलावा काढून घेतो.

दिवे कुणाला तरी मागे उभं करून तपासा, ब्रेकलाइटसकट. दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांवर भिस्त ठेवू नका, कारण बऱ्याच गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. पावसात डिपर लावा, अप्परचा उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो. आणि चालत्या गाडीत हॅझर्ड, म्हणजे एकदम लुकलुकणारे सगळे इंडिकेटर, लावून ठेवू नका. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला त्यामुळे कळत नाही.

खूप दिवसांनी पाऊस आला असेल तर पहिला अर्धा तास जास्त जपा, धूळ आणि सांडलेलं तेल मिसळून रस्ता निसरडा झालेला असतो. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर आता चार ठेवा. वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल बंद. स्टेअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर पाण्यावर तरंगताहेत असं समजा. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला, स्टेअरिंग सरळ धरा, पकड परत येते.

साचलेल्या पाण्याचा निर्णय मात्र घरीच करून निघा, कारण तिथे पोचल्यावर मागून हॉर्न वाजत असतात आणि पुढची गाडी पार झालेली दिसते. तळ दिसत नसेल तर पाण्यात गाडी घालायची नाही. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी छोटी गाडी उचलली जाऊ शकते. ६० सेंटिमीटरमध्ये मोठ्या गाड्याही वाहून जातात. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाणी चढू लागलं तर काचांची बटणं चालताहेत तोवरच काच खाली करून सगळ्यांना बाहेर काढा. काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायचं पातं डिकीत ठेवून काहीच उपयोग नाही, बसल्या जागी हाताला लागायला हवं. पुढची काच दोन थरांची असते, तिला तडे गेले तरी ती फुटून वाट होत नाही. बाजूच्या काचेचा कोपरा गाठा. काही गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, तेव्हा आपल्या गाडीत काय आहे ते आधीच पाहून ठेवा.

मोबाइल पूर्ण चार्ज करा, टॉर्च घ्या. सगळ्यात जास्त राहून जाते ती वेळ: नेहमीपेक्षा लवकर निघा आणि पोचायला उशीर होईल हे पलीकडच्यांना निघतानाच सांगा, म्हणजे वाटेत घाई करावी लागणार नाही. सखल भाग टाळणारा दुसरा रस्ता बघून ठेवा, आणि तोही बंद असला तर गाडी कुठल्या उंच जागी लावून थांबायचं तेही.